सहाणेवरचा फोन

वाघजाईची पालखी सहाणेवर बसली होती, ढोल थांबले होते, आणि सगळी वाडी माझ्या हातातल्या मोबाइलकडे टक लावून बघत होती.

"विनू, आधी गावाचं नाव सांग," बाळाआबा म्हणाले. "मग देवीचं. मग शांतारामचं."

"आबा, देवीचं नाव सांगून काय उपयोग? तो सरकारी माणूस आहे."

"सरकारी झाला म्हणून काय झाला? गाऱ्हाणं घालायची एक रीत आसते."

रीत मलाही माहीत होती. शिमग्यात पालखी देवळातून निघते आणि घरोघर जायच्या आधी सहाणेच्या चौथऱ्यावर विसावते. तिथे गावकर म्हणून बाळाआबा सगळ्यांच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घालतात आणि एकेका मागण्यावर बाकीचे ‘होय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. ज्याचा मान त्यानेच बोलायचं, भलत्याने बोललेलं देवीपर्यंत पोचत नाही, अशी आमच्याकडे पक्की समजूत. त्या वर्षी देवीचं गाऱ्हाणं आबांनी नेहमीसारखं घातलं आणि आखातातल्या आपल्या वकिलातीपुढचं माझ्याकडे दिलं. मोबाइलची रेंज आमच्या वाडीत फक्त सहाणेवर यायची, तेव्हा जागाही आयतीच तीच ठरली. आणि मान माझा, कारण मी पुण्याला ‘इंटरनॅशनल’ शिकत होते.

हे ‘इंटरनॅशनल’ म्हणजे नेमकं काय, ते वाडीत कोणालाच धड माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. बारावीनंतर कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘इंटरनॅशनल स्टडीज’ हे नाव दिसलं, ते भारदस्त वाटलं, आणि मी प्रवेश घेऊन मोकळी झाले. पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा कोणी मला हवाईसुंदरी करून टाकलं होतं, कोणी पोराच्या व्हिसाचं काम घेऊन आलं, आणि एका आजीने मला इंग्लंडच्या राणीची तब्येत विचारली. शेवटी आईने सगळ्यांसाठी एक उत्तर तयार केलं. "परदेशाशी कसं बोलायचं ता शिकते ती," असं ती सांगायची. मला ते फार आवडलं होतं. दुसऱ्या वर्षाला येईपर्यंत मीही तेच खरं मानायला लागले होते. सार्वभौमत्व, राष्ट्रहित, समुद्राचा कायदा, असले शब्द तोंडात घोळवत हिंडायचे आणि सुट्टीत बाबांना आखाताच्या राजकारणावर व्याख्यानं द्यायचे. बाबा सुपारी सोलता सोलता ‘हं, हं’ करायचे. कौतुकाने करायचे, हे अधिक वाईट.

शांतारामकाका मयेकर आमचे शेजारी. घराला घर लागून, मध्ये फक्त जास्वंदीचं कुंपण. वाडीतले निम्मे पुरुष बोटीवर असतात, तसे तेही. बोटीवर ते सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. सुट्टीवर आले की माझ्यासाठी परदेशी साबण आणायचे, आणि मी तो अंगाला न लावता कपड्यांच्या घडीत वासासाठी ठेवून द्यायचे. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. ते घरी असले की सुनंदाकाकीच्या ओसरीवरून उठवत नसे.

त्यांची बोट गेल्या पावसाळ्यापासून आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून पडली होती. मालकाने हात वर केले होते आणि फोन बंद केला होता. बंदरातल्या कोर्टाने बोटीवर जप्ती आणली आणि खलाशांचे पासपोर्ट काढून घेतले. डिझेल संपल्यावर बोटीवरचे दिवे गेले, पंखे गेले, मग पाण्याचे हाल सुरू झाले. किनाऱ्यावरचा एजंट अधूनमधून होडीतून भात आणि पाण्याचे कॅन पोचवायचा आणि तेवढ्यापुरता आपला मोबाइल काकांच्या हातात द्यायचा. "बरा हाय मी," एवढंच काका सांगायचे. काकी फोन झाला की घरी येऊन रडायची.

म्हणून मी फोन लावला. नंबर पुण्याच्या सरांनी मिळवून दिला होता. पलीकडून एका माणसाने उचलला. मी हिंदीत म्हणाले, "सर, मैं विनया शिवलकर बोल रही हूँ."

"होय म्हाराजाऽऽ!" सगळी वाडी एका आवाजात ओरडली.

"वहाँ कौन है?" तो दचकून म्हणाला.

"गाँव है, सर."

माणूस चांगला होता, हे सांगितलंच पाहिजे. चिडला नाही, फोन ठेवला नाही. काकांची फाइल त्याच्या टेबलावरच होती आणि त्याला नावासकट सगळं ठाऊक होतं. तो सावकाश बोलत गेला आणि मी एकेक वाक्य मराठीत करून सहाणेवर सांगत गेले. बोटीवर झेंडा आहे तो एका बेटाचा, तिथे तिची नोंदणी. मालकाची कंपनी दुसऱ्या देशातली. बोट उभी आहे तिसऱ्याच्या हद्दीत आणि ताब्यात आहे तिथल्या कोर्टाच्या. आपलं सरकार विनंती करू शकतं, आठवण देऊ शकतं, खलाशांची भेट मागू शकतं. ते सगळं केलेलं आहे. दुसऱ्या देशाच्या कोर्टाला हुकूम मात्र कोणीच देऊ शकत नाही.

सुरुवातीला प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ पडत होतं. मग ते विरळ झालं. मग मीच मराठीत सांगायचं थांबले. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचं वाक्य मला माहीत असायचं. तो झेंड्याच्या देशाची जबाबदारी म्हणाला की आता बंदराच्या देशाचा अधिकार म्हणणार, हे मला कळत होतं. मागच्याच सत्रात आम्हाला हे होतं. मी त्याची सुरेख टिपणं काढली होती आणि महत्त्वाच्या शब्दांखाली हिरव्या पेनाने रेघा मारल्या होत्या.

"आप क्या करती हैं?" त्याने मध्येच विचारलं.

"पढ़ती हूँ. इंटरनॅशनल स्टडीज."

"अच्छा!" त्याचा आवाज एकदम सैल झाला. "फिर तो आप समझती होंगी."

"हाँ सर," मी म्हणाले. "समझती हूँ."

मला इतकं असहाय कधीच वाटलं नव्हतं. न कळणारा माणूस निदान भांडू शकतो. आबांना फोन दिला असता तर त्यांनी त्या साहेबाची खरडपट्टी काढली असती, देवीची शपथ घातली असती. मला तोंडच उघडता येईना, कारण तो म्हणत होता ते बरोबर होतं आणि ते बरोबर आहे हे मला शिकवलेलं होतं.

"काय म्हनाला?" मी फोन ठेवताच आबांनी विचारलं.

"प्रयत्न चालू आहेत म्हणाले."

"मग झालं तर! कानावर घातलं ना आपण?" आबांनी हात वर केला, ढोल पुन्हा वाजायला लागले आणि पोरांनी पालखी खांद्यावर घेऊन नाचवायला सुरुवात केली. गुलाल उडाला. मी चौथऱ्याच्या कडेला बसून राहिले.

सुनंदाकाकी नाचायला गेली नव्हती. ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि पदराने माझ्या कपाळावरचा गुलाल पुसला.

"आता मला नीट सांग गो," ती म्हणाली. "तो बराच बोलत होता. तू निम्मं पन सांगितलं नायस."

मी सांगितलं. जमेल तितकं सोपं करून सांगितलं. झेंडा कोणाचा, मालक कोणाचा, बंदर कोणाचं. काकीने मन लावून ऐकलं, मध्ये दोनदा थांबवून पुन्हा विचारलं. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "झेंडा त्यांचा, बोट त्यांची, पानी त्यांचं. मग माझा नवरा कोनाचा?"

"आपला, काकी. आपल्या देशाचे नागरिक आहेत ते."

"मग आनायला कोनी जायचं?"

मी नागरिकत्वाबद्दल आणखी काहीतरी सांगायला गेले. तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं, लहान मुलाला गप्प करतात तसं, आणि उठली.

दुसऱ्या दिवशी पालखी घराघरांतून फिरायला लागली. आमच्या आळीत ती संध्याकाळी यायची होती. काकीने अंगण सारवून रांगोळी घातली होती, ओटीचं ताट मांडून ठेवलं होतं. दुपारी तिने मला हाक मारली. एजंट आज पुन्हा बोटीवर जाणार होता, काकांचा फोन येणार होता, तसा निरोप आला होता. "तू चल," ती म्हणाली. "त्यांना काय इचारायचंय तुला."

सहाण रिकामी होती. चौथऱ्यावर गुलाल आणि फुलांच्या पाकळ्या पडल्या होत्या, ऊन रणरणत होतं. खालच्या घरांमधून ढोलाचा आवाज येत होता. फोन वाजला तेव्हा काकीने तो स्पीकरवर टाकून माझ्या हातात दिला. स्वतः एवढी जवळ सरकून बसली की तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"विनू? मी शांताराम बोलतंय. पालखी भायेर पडली काय गो?"

"पडली काका. आज आपल्याकडे येणार."

"यंदा नाचवायला मी नाय म्हनून पोरं खूश असतील. पाय चुकला की मी लय शिव्या घालतंय ना!" ते हसले. हसता हसता खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. "ऐक. एजंट एक कागद घेऊन आलाय कोर्टाचा. म्हनतोय, एकाने सही करायची, बोटीची राखण करनारा म्हनून. बाकीच्यांना पासपोर्ट देऊन इमानात बसवतात. सही करनाऱ्याला आठ-पंधरा दिवस थांबावं लागेल, एवढंच, म्हनतोय. काल सकाळपासून मला ह्येच सांगतोय. माझ्या काय डोक्यात शिरत नाय. तू ह्यातलंच शिकतंस ना? मला समजावून सांग."

"काका, सही करू नका," मी ताबडतोब म्हणाले. "अजिबात करू नका. तो खोटं बोलतोय."

"ता कसं काय?"

"सही करणारा कायद्याने बोटीचा रखवालदार होतो. बोटीचा निकाल लागेपर्यंत त्याला बोट सोडता येत नाही. आठ-पंधरा दिवस असं कुठेही लिहिलेलं नसतं."

"निकाल म्हंजे?"

"कोर्ट बोट विकणार. विकली गेली की सुटका."

"आनी घेनारा नाय मिळाला तर?"

"मिळेपर्यंत थांबायचं."

"अगो, ह्या बोटीचं पत्र्याचं डबडं झालंय. भंगारवाला पन हात लावनार नाय." ते पुन्हा हसले, या वेळी खोकला आला नाही. "बरं. मग कोनीच सही नाय केली तर?"

काकी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"विनू? हायस ना?"

"आहे, काका."

"खरं काय ता सांग. मला गोड बोलनारे हितं पुष्कळ हायत."

"बोट राखणीशिवाय सोडता येत नाही, असा नियम असतो," मी म्हणाले. "बंदराच्या तोंडाशी बेवारस बोट राहिली तर इतर जहाजांना धोका असतो. म्हणून कोणीतरी जबाबदार माणूस बोटीवर असावाच लागतो. तोवर कोणालाच उतरू देत नाहीत."

"म्हंजे सही नाय केली तर सगळे अडकले. आनी एकाने केली तर बाकीचे सुटले."

"पण तुम्हीच का करायची? कप्तान कुठे आहे?"

"कप्तान कवाच उतरला, आजाराचं सर्टिफिकेट घेऊन. आता हितं सगळ्यात जुना मीच. दोन पोरं हायत पयल्या खेपेची, रात्री आईच्या नावाने रडतात. भंडारी हाय, त्याच्या थुंकीतून रगत पडतं. त्याला इस्पितळात न्यायला पायजे." भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. मग काका म्हणाले, "सारंगाने पयला उतरायचं नसतं गो. पन मला ता नीट समजून घ्यायचं होतं. तो एजंट नुसता घोळ घालत होता. तू दोन शब्दांत सांगितलंस. शाब्बास."

"काका, मी सही करू नका म्हणतेय!"

"ऐकलं मी. सुनंदाला दे."

काकीने फोन घेतला. "काय ठरवलंत?" तिने विचारलं.

"ओटीचं ताट मांडलंस?"

"मांडलंय. काय ठरवलंत ता सांगा."

"माझ्या नावाचा नारळ ठेव. आनी रडू नको, पालखीसमोर बरं दिसत नाय. एजंट फोन मागतोय."

फोन बंद झाला. काकी तो हातात धरून तशीच बसून राहिली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला नाही आणि धरलाही नाही.

"तू नको म्हनालीस त्यांना," ती म्हणाली.

"हो काकी. दोनदा म्हणाले."

"मी ऐकलं. मग ते सही करनार, ती कशाला?"

मला उत्तर माहीत होतं आणि तिलाही. कोर्टाचा कागद त्यांना कळला नसता तर ते घाबरले असते, टाळलं असतं, आणखी चार दिवस घोळ घातला असता. तेवढ्यात कदाचित दुसरं काही झालं असतं. मी कागद समजावून सांगितला आणि त्यांनी सही केली. इतकं स्वच्छ मी आजवर कोणालाच काही समजावलेलं नाही.

संध्याकाळी पालखी आली. काकीने ओटी भरली, काकांच्या नावाचा नारळ ठेवला आणि ती रडली नाही. आबांनी अंगणात पुन्हा गाऱ्हाणं घातलं. "परदेशात आडकलेल्या लेकराची वाट मोकळी कर," असं ते म्हणाले आणि सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणाले. मी नुसते ओठ हलवले.

बाकीचे खलाशी खरंच सुटले. त्यातला एक पोरगा केरळातून मुद्दाम काकीला भेटायला आला. त्याला मराठी येत नव्हतं, तिला दुसरं काही येत नव्हतं. तो तिच्या पाया पडला आणि पाया पडलेला उठेचना. काकीने त्याला पोटभर जेवायला घातलं. तो गेल्यावर ताट घासताना ती म्हणाली, "चांगलं पोर हाय," आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

मी हातपाय मारायचे तेवढे मारले. सरांकडून ओळखी काढल्या, खलाशांच्या संघटनेला गाठलं, दिल्लीला फोन केले. प्रत्येक ठिकाणी माणसं सभ्यपणे बोलली आणि प्रत्येकाने मला तेच समजावलं. त्या साली आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पेपरात परक्या बंदरातल्या जहाजावर कोणाचा अधिकार चालतो, असा प्रश्न आला. मी पुरवण्या लावून उत्तर लिहिलं. वर्गात माझे गुण सगळ्यांत जास्त होते. सरांनी माझी उत्तरपत्रिका वाचून दाखवली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी तास संपायच्या आत बाहेर पडले.

आज मी हाच विषय शिकवते. दुसरं काही येतच नव्हतं. जूनमध्ये पालक मुलांना घेऊन येतात, समोर बसतात आणि विचारतात, "मॅडम, ह्या इंटरनॅशनल स्टडीजमध्ये नेमकं काय असतं?" मी अभ्यासक्रम सांगते. देशादेशांमधले करार, संघटना, कायदे, एखादी परकी भाषा. मुलगी हुशार असेल तर ती मान डोलावते. मला तिला उठवून घरी पाठवावंसं वाटतं, पण मी फी आणि वसतिगृहाची माहिती देते.

काका त्या बोटीवर एकटे राहिले. उन्हाळ्यात पत्रा तापला की रात्री डेकवर झोपायचे. एजंटाच्या फेऱ्या कमी होत गेल्या, फोनही कमी झाले. कोर्टात बोटीचा लिलाव दोनदा पुकारला गेला आणि दोन्ही वेळा कोणी आलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात एजंट पाणी घेऊन गेला तेव्हा काका डेकवर पडलेले होते. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहिलं.

मग मात्र सगळं भराभर झालं. ज्या कोर्टाला त्यांना सोडता येत नव्हतं, त्याने एका सकाळीत सोडलं. ज्या बेटाचा झेंडा होता त्याने हरकत नसल्याचं कळवलं. वकिलातीतल्या त्याच माणसाने मला स्वतःहून फोन केला. त्याचं दुःख खोटं नव्हतं. मेलेला माणूस बोट राखू शकत नाही, म्हणून कायद्याची त्याच्याबद्दल काही तक्रार उरली नव्हती. रखवालदार म्हणून दुसरा कोणी नेमला का, हे मी विचारलं नाही.

मुंबईच्या विमानतळावरून पेटी घेऊन मी आणि बाबा आलो. गाडी वाडीत शिरली तेव्हा माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी होती. बाळाआबा काठी टेकत पुढे आले आणि त्यांनी पेटीवर हात ठेवला. आयुष्यभर गाऱ्हाणी घालणारा तो माणूस नुसता उभा राहिला.

पेटी ओसरीवर ठेवली. तिच्याबरोबर कागदांचा गठ्ठा होता, तीन देशांचे शिक्के असलेला, सगळा इंग्रजीत. काकीचा दीर म्हणाला, "विनू, ह्यात काय लिहिलंय ता वयनीला वाचून दाखव. कसा गेला, काय झालं, तिला कळायला नको?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गठ्ठा सोडला आणि वरचा कागद उलगडला.

सुनंदाकाकी पेटीपाशी बसली होती. तिने मान वर केली आणि हात पुढे करून मला थांबवलं.

"नको गो विनू," ती म्हणाली. "तू सांगतंस ता सगळं खरं असतं."

मी कागदाची घडी घातली आणि दारातून बाजूला झाले, कारण बायका तिला आत न्यायला आल्या होत्या.